ठकाईची घोंगडी

भीमेकाठच्या माळावर घोडी कुणाच्याच मालकीची नव्हती, त्या काळची ही गोष्ट. कुठल्याशा लढाईनंतर मोकळी सुटलेली ती जनावरं माळावरच वाढली आणि रानटी झाली, असं म्हणतात. कुसेवाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं एक कुटुंब होतं. पुढं म्हातारी अबलख घोडी, मधे तिच्या लेकी आणि शिंगरं, आणि सगळ्यांच्या मागं राखणीला तांबडा घोडा.

त्यांना ओळखणारी एकच बाई होती, ठकाई धनगरीण. हिवाळ्यात सकाळी धुकं असतानाच ती घोंगडी पांघरून तळ्याकाठी बसायची आणि घोडी पाण्यावर येताना बघायची. घोडी तिला बुजत नसत. म्हातारी घोडी आधी पाणी हुंगायची, मग शिंगरं प्यायची, मग घोड्या, आणि घोडा सगळ्यांत शेवटी. "आपल्यात आधी बाप्ये जेवत्यात," ठकाई म्हणायची, "हितं येऊन बघा जरा." गाव हसायचं.

एका हिवाळ्यात घोडी शाळूत शिरली. हुरड्याला आलेली कणसं त्यांनी खाल्ली, हे खरं. गोफणीनं हाकलली असती तरी भागलं असतं. पण रायाजी पाटलाचं डोकं फिरलं आणि त्यानं माळावरच्या एकुलत्या तळ्याला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. नदीकडच्या वाटेवर तर सगळी उभी पिकं, आणि बांधाबांधावर गोफणवाले. अख्ख्या गावानं काटे वाहिले. एकाच्याही तोंडून 'नको' निघालं नाही. आजही हे सांगताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ठकाई पाटलाच्या दारी गेली. "रायाजी, पिकाला राखण घाल, पाण्याला नगं. कोवळं शिंगरू हाय त्या घोड्यांत."

"म्हातारे, तू तुझी मेंढरं राख," पाटील म्हणाला. "घोड्यांची वकिली करू नगंस."

मग एका सकाळी ते शिंगरू कुंपणाशी मरून पडलेलं दिसलं. तोंड काट्यांत, पाण्याच्या बाजूला. म्हातारी घोडी त्याला नाकानं उठवत होती, आणि घोडा अजून मागं राखणीला उभा होता.

ठकाई रडली नाही. तिनं अंगावरची घोंगडी ओढून काढली आणि काट्यांवर फेकली. असं म्हणतात, की ती घोंगडी पसरतच गेली, पार पाण्यापर्यंत, आणि एक काटा म्हणून तिच्यातून वर आला नाही. तिच्यावरून सगळी घोडी तळ्यात उतरली. गाव धावत आलं. "मुक्या जिवाचं पाणी तोडलंत!" ठकाई कडाडली. "बसा आता काकडत!"

घोडी पाणी पिऊन माळ चढली. त्यांच्यामागं उघड्या खांद्यांची ठकाई गेली, आणि तिच्यामागं मेंढरं. पुन्हा कुणी दिसलं नाही. त्या साली अशी थंडी पडली, की शाळू उभाच्या उभा काळा पडला. फक्त जिथं घोड्यांच्या टापा उमटल्या होत्या तिथली ताटं तगली, असं म्हणतात.

आता माळावर घोडी नाहीत. तळ्याला कुंपणही नाही. तरी दर पौषात भल्या सकाळी पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष उघड्या अंगानं तळ्यात उभा राहतो आणि काठावरून बायका विचारतात, "पाणी कुणी तोडलं?" एकदा एक शहाणा म्हणाला, "मी कुठं? माझ्या पणज्यानं." बायकांनी त्याला बाहेर येऊ दिलं नाही. शेवटी दातावर दात आपटत तो म्हणाला, "मी तोडलं."

मग गाव पाणी पितं. आधी पोरं, मग बायका, आणि पुरुष सगळ्यांत शेवटी.