साळूच्या दारातली मैना

माणसाने कुऱ्हाड घडवली त्याच्याही आधीची गोष्ट. रानात राखणीचं काम वानराकडे होतं. बिबट्या दिसला की त्याने झाडावरून हाळी द्यायची, आणि प्रत्येक घराने दर पौर्णिमेला त्याला कंद पोचवायचे.

घळीतल्या साळूच्या बिळात मात्र हाळी ऐकूच येत नसे. तिने तक्रार केली, तेव्हा वानर म्हणाला, "आमचा आवाज खणखणीत आहे, साळूबाई. तुमचंच बीळ खोल. दारात मैना ठेवा, ती आमची हाळी आत पोचवील. तिचे कंद वेगळे."

साळूचे काटे उभे राहिले. "राखणीचे कंद देतेच आहे मी! हाळी घरात पोचवायचे आणखी का देऊ?"

"मर्जी तुमची," म्हणत वानर शेंगा सोलू लागला.

पौर्णिमा जवळ आली, तशी साळू वानराचे कंद उकरायला टेकडीवर गेली. तेवढ्यात बिबट्या घळीत उतरला. वानराने हाळी दिली. टेकडीवर साळूला ती स्पष्ट ऐकू आली. बिळातली तिची पिल्लं मात्र काहीच न कळून खेळायला बाहेर आली.

त्या पौर्णिमेला साळूने मुकाट्याने दोन ढीग लावले, एक वानराचा, एक मैनेचा.

आता बिबट्या आला की मैना दारात घसा फोडून ओरडते. आत साळू एकटीच ऐकत असते.