पॉवर सप्लायचा निळा डोंगर

यंत्रांनाही स्वप्नं पडत, तेव्हाची ही गोष्ट. एका दुकानाच्या फळीवर छोटा पॉवर सप्लाय तीन वर्षं पडून होता. त्याला रोज एकच स्वप्न पडे: आपण पुरवलेल्या विजेवर गेममधला निळा डोंगर हळूहळू उजळतो आहे.

एकदा मृदुला गेमसाठी घरीच कॉम्प्युटर जुळवायचा म्हणून सुटे भाग घ्यायला आली. गेममधली चित्रं पडद्यावर रंगवणारं, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड तिने हौसेने उचललं. उरल्या पैशांत मग हा छोटाच बसला.

छोटा कार्डाला म्हणाला, "दादा, तुमची विजेची भूक मला नाही झेपायची."

"गप रे!" कार्ड पुटपुटलं. "बोललास तर पुन्हा फळीवर जाशील."

छोट्याने मनातला डोंगर एकदा डोळे भरून पाहून घेतला. मग तो म्हणाला, "ताई, यांना मी पुरणार नाही. मोठा सप्लाय घ्या."

"मोठ्याला पैसे कुठून आणू, बाबा?" मृदुला हसली. तिने ते कार्ड परत ठेवलं आणि एका पंख्याचं साधं कार्ड उचललं. "याला पुरशील?"

"पोटभर!"

घरी जुळणी झाली आणि पडद्यावर डोंगर उजळला. कॅबिनेटच्या तळाशी, अंधारात बसलेल्या छोट्याला तो दिसला नाही. त्याला फक्त मृदुलाचा आवाज ऐकू आला, "अगं बाई, किती निळा!"