भिंतींनी ऐकलेलं

एक होता राजा. उदयभान त्याचं नाव. त्याला एकाच दिवशी तीन मुली झाल्या. तिघी अगदी सारख्या, बरं का. तेच नाक, तेच डोळे, हनुवटीवर तोच तीळ. नावं ठेवली भीमा, वेणा आणि नीरा.

पण झालं काय, त्याच महिन्यात नगरात तापाची साथ आली. राणी त्या तापात गेली. राजा घाबरला. मुलींना इथं ठेवलं तर त्याही जातील, असं त्याला वाटलं. मग त्यानं तिघींना तीन दिशांना धाडलं. भीमाला दिलं कुंभाराच्या चिमाबाईकडे. वेणाला दिलं डोंगरावरच्या म्हाकू धनगराकडे. आणि नीराला दिलं लांबच्या गढीवर, सगुणाबाई सरदारणीकडे. तिथं चांदीचा पाळणा होता, रेशमाची दुपटी होती. राजा म्हणाला, "चला, एकीचं तरी नशीब थोर."

साथ काही हटेना. एका वर्षी जायची, दुसऱ्या वर्षी परत यायची. अशी सात वर्षं गेली. मग एकदाची हवा निवळली, आणि राजानं तिघींना घरी आणलं.

दारात तिघी उभ्या राहिल्या. राजाला कोण कुठली ते ओळखू येईना. पण दुसऱ्या दिवशी गुरुजी शिकवायला बसले आणि लगेच ओळखू आलं. गुरुजींनी ताटात बोरं ठेवली आणि विचारलं, "किती?"

भीमा म्हणाली, "चौदा. पण दोन कच्ची आहेत, ती भाजायची राहिलीत."

बोरं कुठं भाजतात का? पण कुंभाराकडची ना ती! तिला सगळं मडक्यासारखंच दिसायचं.

वेणानं मोजलंच नाही. नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, "गुरुजी, मगाशी एक जास्त होतं. लाल गालाचं. ते तुम्ही खाल्लंत."

गुरुजी ओशाळले. मग त्यांनी नीराला विचारलं. नीरा गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. "एक, दोन, तीन म्हण," असं म्हटलं की ती म्हणायची, पण बोटानं बोर दाखवून "हे कितवं?" विचारलं की नुसती बघत राहायची. असे तीन महिने गेले. दोघी बहिणी अक्षरं गिरवायला लागल्या. नीरा पाटी मांडीवर घेऊन बसायची, बस्स.

मग प्रधान राजाला म्हणाला, "महाराज, रागवू नका. एकच रक्त, एकच गुरू, आणि ही अशी कशी? ही तुमची नव्हेच. वाटेत कुणीतरी मूल बदललंय. हिला परत पाठवून द्या."

नीरा तिथंच बसली होती. तिनं ऐकलं. परकराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

राजानं नीराकडे बघितलं. तो म्हणाला, "आठ दिवस द्या. रक्त एक, चेहरा एक, मग हे असं का, ते मला बघून येऊ दे."

आणि राजा साध्या कपड्यांत, एकटाच घोड्यावरून निघाला.

रानाच्या कडेला एक म्हातारी मोळी बांधून बसली होती. मोळी काही तिला उचलवेना. राजानं ती उचलून तिच्या डोक्यावर दिली. म्हातारीनं विचारलं, "कुठं रे बाबा?" राजानं सगळं सांगितलं. मग तिनं झुडपावरचं एक निळं फूल खुडलं. म्हणाली, "माणसं विसरतात, भिंती विसरत नाहीत. हे कानात घाल आणि भिंतीला कान लाव. तीन घरं ऐकू येतील, मग फूल सुकेल."

राजा आधी कुंभाराकडे गेला. पाणी प्यायच्या निमित्तानं आत शिरला, कानात फूल घातलं, मातीच्या भिंतीला कान लावला. आणि काय सांगू! भिंतीतून बोलणंच बोलणं. "बघ गं भीमे, ही माती ओली. ही सुकी. हात लाव. गार आहे की नाही? हे मोठं मडकं, हे धाकटं. मोठ्यात किती धाकटी मावतील गं?" आणि बाळाचं उत्तर काय, तर "ऊं." चिमाबाई म्हणायची, "बरोब्बर! तू म्हणतेस तेच खरं." बाळाला दातसुद्धा नव्हते हो तेव्हा!

मग राजा डोंगरावर गेला. धनगराचं दगडी खोपटं. तिथल्या भिंतीतून आधी मेंढरं बें बें करत आली, मग म्हाकूचा आवाज. "वेणे, आज कोण आलं नाही सांग? काळ्या कानाची? कुठं राहिली असेल? तुला काय वाटतं?" मग धनगरीण ओव्या म्हणते आहे, पोरगी मध्येच हसते आहे. राजा तिथं दिवसभर बसला. उठवेनाच त्याला.

मग तो गढीवर गेला. चांदीचा पाळणा अजून तिथंच होता. राजानं गुळगुळीत भिंतीला कान लावला.

काही नाही.

त्यानं फूल नीट बसवलं, दुसऱ्या भिंतीला कान लावला. पावलं वाजली. वाटी ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "श्श!" पुन्हा पावलं. सात वर्षांत तेवढंच. आणि एकदा, अगदी बारीक, एका बाळानं "ऊं" केलं. थांबलं. पुन्हा "ऊं" केलं. कुणीच काही बोललं नाही. मग ते बाळ पुन्हा कधी बोललं नाही.

राजाच्या कानातून फूल गळून पडलं. सुकलं होतं ते.

सगुणाबाई दारात उभी होती. राजाला ओळखून ती खाली वाकली. राजानं विचारलं, "तुम्ही तिच्याशी बोलत का नव्हता?"

ती म्हणाली, "महाराज, राजाची लेक! तिच्या कानावर एखादा वेडावाकडा शब्द पडला असता तर? नोकरांना मीच ताकीद दिली होती. शिक्षण गुरुजी करतीलच, आपण मध्ये पडू नये. मी तिला फुलासारखं जपलं हो." आणि तिला रडू कोसळलं. वाईट नव्हती ती, बरं का. नुसती भ्यायली होती.

राजा परत निघाला. वाटेत चिमाबाईला घोड्यावर बसवून घेऊन आला. म्हणाला, "हिला बोलायला शिकवा."

चिमाबाईनं नीराला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हाराज, मी भीमाची आई झाले. हिचे बाप तुम्ही. तुम्हीच बोला. शिकवू नका, नुसतं बोला. आणि बोललात की थांबा."

"ती उत्तर देत नाही."

"म्हणूनच थांबायचं."

आता राजाला कुठं येतंय पोराशी बोलायला! पहिल्या दिवशी तो म्हणाला, "आम्ही आज दरबारात सात अर्ज ऐकले." नीरा बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिला घोड्याजवळ नेलं. "हा घोडा. हा गवत खातो. मला मात्र गवत आवडत नाही." मग थांबला. काही नाही. प्रधान खांबाआडून हसला. राजानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. रोज मुंग्या दाखवल्या, ढग दाखवले, चुलीवरची उकळी दाखवली. बहिणींनी हातात माती दिली, मेंढरांची हाक शिकवली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. नीरा आता त्याचं बोट धरून चालायची, पण आपणहून एक शब्द बोलायची नाही.

मग एका सकाळी राजा परसात पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. हो, राजाच! नीरा शेजारी होती. तो म्हणाला, "ही बघ, हिच्यात पाच दाणे." आणि थांबला.

नीरानं दुसरी शेंग उचलली. नखानं उघडली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हिच्यात चारच. पाचवा कुठं गेला?"

राजाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. शेंगेत रिकामी जागा तर दिसत होती, आणि दाणा कुठं गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "मला माहीत नाही गं. शोधू या?"

आणि बापलेक मातीत गुडघे टेकून शोधायला लागले.

तो दाणा त्यांना सापडला नाही. पण त्या दिवशी नीरानं आणखी तीन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी अकरा. गुरुजींनी पाटी पुन्हा मांडली. ती बहिणींपेक्षा हळू शिकली, आणि बोलायच्या आधी नेहमी थोडा वेळ घ्यायची. पण शिकली, अगदी खोलवर शिकली. प्रधानानं तिची माफी मागितली. सगुणाबाईच्या गढीत गावची पोरं खेळायला यायला लागली, आणि ती त्यांच्याशी दिवसभर बडबडायची. राजा, त्याच्या तिन्ही लेकी, चिमाबाई, म्हाकू, सगळे सुखात राहिले.

झाली गोष्ट. काय विचारायचं असेल ते सकाळी विचारा हं, मी आहेच. आता कुशीवर वळा बघू, आणि डोळे मिटा.