भिवराबाईचं परतीचं तिकीट

गळ्याशपथ, हे सगळं खरं आहे. म्हणजे माझा आजा नागोराव असं सांगायचा. आजा कधी प्यायचा नाही, पण गोष्ट सांगायला लागला की लोक त्याचं तोंड हुंगायचे. तेवढं धरून ऐका.

हा सावरटेक हॉल्ट. एक बाकडं, एक कडुलिंब, एक तिकीटखिडकी. खिडकीत आधी आजा होता, आता मी. गाडी मिनिटभर थांबते, बहुतेक कोणी चढत नाही. पण परतीच्या गाडीत आमच्या गावचा माणूस खिडकीशेजारची एक जागा रिकामी सोडतो. स्वतः उभा राहतो.

तुमचं विमान उतरलं ना, त्या धावपट्टीपलीकडे ओढा आहे. ओढ्याकाठी आमची मसणवट. विमानतळाची भिंत आली आणि गाव अलीकडे, मेलेले पलीकडे अशी वाटणी झाली. वळसा घालून जायचं तर सात कोस. उन्हाळ्यात प्रेत तेवढं टिकत नाही म्हणे. लोक भिंतीच्या कडेलाच जाळायला लागले. विमानातल्यांना वाटायचं, भर उन्हात शेकोटी कसली पेटवतात ही माणसं.

भिवराबाईचा नवरा भिंतीच्या आधी गेलेला, त्याला ओढ्याकाठी जागा मिळाली. तिचं एकच मागणं होतं, मला त्यांच्या शेजारी जाळा. लिंबाजीनं, तिच्या मुलानं, तसा शब्द दिला. वाट एकच उरली होती, रेल्वेची. पुढचं स्टेशन गव्हाळी, ते ओढ्यालाच लागून.

त्याच साली वरून पत्र आलं. वर्षाला तीनशे तिकिटं खपली नाहीत तर एकतीस मार्चनंतर गाडी इथं थांबणार नाही. आणि आजाचा नेम असा, माझाही तोच, की गाडीत बसेल त्यालाच तिकीट. आकड्यासाठी उगाच फाडणार नाही.

एकतीस मार्चला सकाळी दहा कमी होती. भिवराबाईनं लिंबाजीला आकडा विचारला, असं सांगतात. त्यानं सांगितला. दुपारी ती गेली. आजारी नव्हती.

लिंबाजी खिडकीशी आला. तो धरून चार खांदेकरी आणि आई, पाच तिकिटं. आजानं सवयीनं विचारलं, "जाऊन-येऊन?"

लिंबाजीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "हो," म्हणाला. "पाचही."

आईचंही परतीचं मागतोय हे आजाच्या ध्यानात आलं, तरी त्यानं पाचही फाडली.

डोक्यावरून पदर ओढून तिला गाडीत खिडकीशी बसवली. टीसी आला. "आजींना झोप लागलीय," तो म्हणाला.

"लागलीय," लिंबाजी म्हणाला.

टीसीनं तिकीट बघून तिच्या मुठीत परत ठेवलं. मूठ गार लागली. त्यानं टोपी काढली आणि पुढच्या डब्यात गेला.

नवऱ्याशेजारीच तिला अग्नी दिला. येताना चौघंही उभ्यानं आले. जागा तिची होती, तिकीट काढलेलं होतं. परतीचं तिकीट मोजताना दोन धरतात. वर्षाचा आकडा बरोब्बर तीनशे भरला. तिचं एकेरी काढलं असतं तर एक कमी पडलं असतं.

आजही आमच्याकडे मेलेल्याचं परतीचं तिकीट काढतात. आजही मार्च लागला की म्हातारी माणसं मोठ्यानं खोकत नाहीत, लोक वळून बघतात. गावात उरलेत तेच. गाडीची पायरी उंच, जिवंतपणी त्यांना चढवत नाही. मेल्यावर चौघं उचलून चढवतात.

बाकड्यावर धुवट धोतर नेसून बसलेत, ते लिंबाजी आबा. आज एकतीस तारीख. दोन कमी आहेत. सकाळी त्यांनी मला आकडा विचारला आणि मी मूर्खासारखा सांगून बसलो.

गाडीचा आवाज येतोय. तुम्ही शहराकडेच चाललाय, तर जाऊन-येऊन काढा. वीस रुपये. परत नाही आलात तरी चालेल, आमचंही कोणी येत नाही. जरा लवकर काढा, आबा बघतायत.