न मागितलेली माफी

“पण ह्यात पाप कुठे आहे, बुवा?”

डॉ. यशोधन बेडेकरांनी पुन्हा तेच विचारलं. आवाज नम्र होता, पण नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जात होती. एका पेशीपासून हुबेहूब दुसरी म्हैस घडवणारा माणूस. परवानगी मागायची सवय केव्हाच मोडलेली.

नदीकाठच्या मठाच्या पायरीवर अच्युतबुवा स्वस्थ बसले होते.

“माझा निनाद गेला. त्याच्या कातडीचा तुकडा मी गोठवून ठेवलाय. त्यातून पुन्हा तोच जन्माला येईल. तेच डोळे, तोच आवाज.”

“तोच?”

“अगदी तोच.”

“कशाला हवाय?”

डॉक्टरांना राग आला. बापाला कुणी असं विचारतं?

“दहाव्याला कावळा शिवला होता का रे?” बुवांनी विचारलं.

“...नाही.”

त्या दिवशी घाटावर सगळे ताटकळले होते. कावळे पिंडापर्यंत येत आणि मागे फिरत. निनादच्या मामांनी हात जोडले, तुझ्या आईला अंतर देणार नाही म्हणाले. तरी नाही. मग गुरुजींनी विचारलं, “वडिलांचं काही बोलायचं राहिलंय का?”

राहिलं होतं. पण मागे प्रयोगशाळेतली माणसं उभी होती. डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि मंडळी आपापल्या घरी गेली.

“काय बोलायचं होतं?”

डॉक्टरांची मान खाली गेली.

“बारावीला नापास झाला होता. साउंडवाल्याकडे कामाला लागला. माझ्या सत्काराला स्पीकर लावायला नेमका तोच आला. पाहुण्यांनी विचारलं, हा कोण? मी म्हटलं... साउंडवाल्याचा पोरगा.”

“मग?”

“त्याने ऐकलं, बुवा. काही बोलला नाही. वायर गुंडाळत राहिला. त्याच आठवड्यात ट्रकने...”

शरमेने कान तापले होते. जगभर व्याख्यानं देत फिरलेल्या ह्या माणसाला आज तोंड कुठे लपवावं ते कळेना.

“नवा निनाद मोठा झाला की त्याचे पाय धरीन. चारचौघांत माफी मागेन. तेवढ्यासाठीच हवाय मला तो!”

बुवा उठून आत गेले. पूजेतल्या दर्भाच्या काही काड्या घेऊन आले. त्यांना एक गाठ मारली आणि ती जुडी डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

“ह्याची माफी माग. हा लगेच माफ करील. ह्याचंही तू काहीच बिघडवलेलं नाहीस.”