उलटा पुरलेला शेवगा

कुऱ्हाडी आणि खांब एकमेकांशी भांडत, त्या काळची ही गोष्ट.

ठकूबाईला धुणं वाळत घालायला खांब हवा होता. तिने शेवग्याची जाड फांदी तोडली आणि घाईघाईत शेंडा खाली करून अंगणात पुरली. फांदी तोडताना कुऱ्हाडीचा दांडा मोडला, म्हणून कुऱ्हाड खांबाशेजारीच टाकून दिली.

"संपलं आपलं," कुऱ्हाड रोज रडायची. "आता तू सरपण नि मी भंगार."

"रडायला सवड कुणाला आहे?" खांब म्हणाला. "बाईने मला उलटा पुरलाय. डोक्याला मुळं फोडायची म्हणजे वेळ लागतो."

"येडाच आहेस!" कुऱ्हाड म्हणाली.

महिन्याभराने ठकूबाईचं लुगडं कशाला तरी अडकलं. बघते तर खांबाला हिरवे कोंब! "अगं बाई, हा उलटासुद्धा जगला!" तिची नजर गंजक्या कुऱ्हाडीवर गेली. "मग तुलाच कशाला टाकू?" तिने कुऱ्हाड घासली आणि बाभळीचा नवा दांडा बसवला.

पुढच्या वर्षी शेवगा इतका माजला की छाटायची वेळ आली. कुऱ्हाड घाव घालायला कचरू लागली.

"घाल गं, लाजू नकोस," शेवगा म्हणाला. "फक्त या खेपेला बाईला सांग, फांदी सुलटी लाव म्हणावं!"