ढकलूबाईच्या दारावर गाडी

एक होती ढकलूबाई. ढकलूबाई म्हणजे शेणकिडी. काळी, चकचकीत, बोराएवढी. ती शेणाचे गोळे करायची आणि ढकलायची. तेही कसं? डोकं खाली, पाय वर, उलटं उलटं. गडगड गडगड. हसू नका. तिला तसंच जमतं.

ढकलूबाई राहायची लांब आफ्रिकेत, झिंबाब्वे देशात, एका लहान गावात. रस्त्याच्या कडेला तिचं बीळ होतं. बिळात एक गोळा. गोळ्यात तिचं बाळ. आज ते बाळ बाहेर येणार होतं.

सकाळी ढकलूबाई जरा पाय मोकळे करायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, दारच नाही. दारावर एक चाक. चाकावर एक गाडी.

तीन चाकांची, विजेची गाडी. मागे मोठा हौदा. हौद्यात टोमॅटोचे सहा क्रेट. ही गाडी काही परदेशातून आलेली नव्हती. शेजारच्याच गावात, पत्र्याच्या शेडमध्ये, रुंबी नावाच्या बाईने ती जोडली होती. इथले खड्डे रुंबीला पाठ होते. म्हणून तिने टायर चांगले जाडजूड लावले होते.

गाडी होती गावातल्या पाच बायकांची. आज पाळी होती मुकायची. सगळी मुलं तिला तेते मुकाय म्हणायची. तिकडे आत्याला तेते म्हणतात. तेते टोमॅटो घेऊन बाजाराला निघाली होती. गाडी म्हणाली, घूंऽऽऽ. मग म्हणाली, फुस्स. आणि उभी राहिली. नेमकी बिळावर. मग तेतेने बॅटरी काढली आणि आपल्याच गावातल्या एका शेडमध्ये भरायला लावली.

ढकलूबाईने जमिनीला डोकं टेकवलं. आतून आवाज आला. टक. टक. बाळ उठलं होतं. वर येत होतं. वर तर चाक होतं.

"थांब हं सोन्या," ढकलूबाई म्हणाली. "आले मी."

आता एक सांगून ठेवते. त्या गावात कोणाकडे काही मागायचं, तर आधी हळूच टाळी वाजवतात. टप टप टप. मग बोलतात. ढकलूबाई त्याच गावची. तिने पुढचे दोन पाय जुळवले. टप टप टप. तुम्हीही वाजवा.

"गाडीताई, गाडीताई, जरा हलता का?
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

गाडी म्हणाली, "हलेन की. मला काय उन्हात उभं राहायची हौस आहे? पण पोटात बॅटरी नाही. बॅटरी भरली, की मी हलले."

ढकलूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. शेडमध्ये बॅटरी बसली होती. चौकोनी, जड, गप्प. टप टप टप.

"बॅटरीबाई, बॅटरीबाई, जरा भरता का?
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

बॅटरी म्हणाली, "भरेन की. रिकामं पोट कोणाला आवडतं? पण वायरमधून काही येतच नाही. छपरावरच्या प्लेटने वीज दिली, की मी भरले."

ढकलूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. भिंतीवर चढली. घसरली. परत चढली. छपरावर सोलरची प्लेट पसरली होती. टप टप टप.

"प्लेटकाकू, प्लेटकाकू, वीज देता का?
बॅटरी काही भरत नाही,
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

प्लेट म्हणाली, "देईन की. ऊन तर डोक्यावर भरपूर आहे. पण अंगावर धूळ बसलीय बोटभर. मला ऊनच लागत नाही. तेते मुकायने पुसलं, की मी दिली."

ढकलूबाई खाली उतरली. वाटेत परत जमिनीला डोकं टेकवलं. टक टक. टक टक. आता जोरात येत होतं. ढकलूबाईला फार भीती वाटली. ती अजून भराभर निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

झाडाखाली तेते मुकाय बसली होती. शेजारी तिची आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आईला सगळं गाव अंबुया म्हणायचं. अंबुया म्हणजे आजी. टप टप टप.

"तेते मुकाय, तेते मुकाय, प्लेट पुसता का?
प्लेट वीज देत नाही,
बॅटरी काही भरत नाही,
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

तेते म्हणाली, "पुसेन की. कालच पुसणार होते. पण काल चिसी होती."

चिसी म्हणजे मातीच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी कोणी नांगरत नाही. कोणी खणत नाही. माती निजते.

"आणि धूळ म्हणजे मातीच की," तेते म्हणाली. "मग काल तिला हात कसा लावायचा?"

अंबुयाने शेंग फोडली. कट. "अगं मुकाय," ती म्हणाली, "शेतातली माती निजते. प्लेटवरची कसली निजतेय? ती नुसती लोळतेय."

तेतेने जीभ चावली. "चुकलंच माझं. टोमॅटोही नरम पडायला लागले. आत्ता पुसते. पण बादली कोरडी आहे. हापशाने पाणी दिलं, की मी पुसलं."

ढकलूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गावाच्या टोकाला हापसा. दांडा वर करून उभा. टप टप टप.

"हापसेदादा, हापसेदादा, पाणी देता का?
तेते प्लेट पुसत नाही,
प्लेट वीज देत नाही,
बॅटरी काही भरत नाही,
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

हापसा म्हणाला, "देईन की. खाली पाणी मोप आहे. पण दांड्याखाली गाय बसलीय. दांडा खाली येतो तो तिच्या पाठीवर. सकाळपासून तीन बायका तिला ओढून गेल्या. ढिम्म हलत नाही. गाय उठली, की मी दिलं."

ढकलूबाई वळली. गाय तिथेच होती. तपकिरी, मोठी, रवंथ करत बसलेली. टप टप टप.

"गाईमावशी, गाईमावशी, जरा उठता का?
हापसा पाणी देत नाही,
तेते प्लेट पुसत नाही,
प्लेट वीज देत नाही,
बॅटरी काही भरत नाही,
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

गाय म्हणाली, "उठेन की. पण जाऊ कुठून? मागे कुंपण आहे. पुढे शेणाचा पो पडलाय. शेणात पाय घालायची नाही मी."

"शेण कोणाचं?" ढकलूबाईने विचारलं.

"माझंच," गाय म्हणाली. "म्हणून काय झालं? शेण गेलं, की मी उठले."

ढकलूबाई शेणापुढे गेली. टप टप टप.

"शेणोबा, शेणोबा, जरा जाता का?
गाय जागची उठत नाही,
हापसा पाणी देत नाही,
तेते प्लेट पुसत नाही,
प्लेट वीज देत नाही,
बॅटरी काही भरत नाही,
गाडी जागची हलत नाही,
दार माझं उघडत नाही.
आत माझं बाळ आहे."

शेण काही बोललं नाही. शेण बोलत नसतं.

ढकलूबाई थांबली. शेणाकडे बघितलं. आपल्या पायांकडे बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली. "हे तर माझंच काम."

आणि लागली कामाला. कुरतुड कुरतुड, थाप थाप थाप. झाला एक गोळा. डोकं खाली, पाय वर. गडगड गडगड. गोळा बाजूला.

परत आली. कुरतुड कुरतुड, थाप थाप थाप. दुसरा गोळा. गडगड गडगड. तिसरा. चौथा. पाय दुखले. पाचवा. सहावा. दम लागला. तरी थांबली नाही. सातवा. गडगड गडगड.

वाट स्वच्छ झाली. गायीने वाट हुंगली. मग पुढचे पाय टेकले, मागचं अंग उचललं आणि उठली एकदाची.

गाय उठली, हापसा सुटला.
हापसा सुटला, पाणी आलं. खळखळ खळखळ.
पाणी आलं, तेतेने पुसलं. सपक सपक.
तेतेने पुसलं, प्लेट चमकली.
प्लेट चमकली, वीज आली.
वीज आली, बॅटरी भरू लागली.

भरू लागली म्हणजे लगेच भरली नाही. बॅटरीला वेळ लागतो. अंबुयाच्या सगळ्या शेंगा फोडून झाल्या, तेव्हा कुठे ती अर्धी भरली. बाजार काही लांब नव्हता. अर्धी पुरे होती. तेते उठली. बॅटरी उचलली, गाडीत बसवली.

ढकलूबाई इतका वेळ कुठे होती? चाकापाशी. जमिनीला डोकं टेकवून. "झालं हं, झालं हं," म्हणत होती. आतून टक टक येत होतं. मग थोडं हळू आलं. मग आलंच नाही. ढकलूबाईने डोकं आणखी घट्ट टेकवलं. ती तिथेच बसून राहिली.

गाडी म्हणाली, घूंऽऽऽ. चाक हललं. एक हात पुढे गेलं. टोमॅटो हलले, तेते हलली, गाडी निघाली बाजाराला.

खाली बीळ नव्हतं. नुसती दाबलेली माती होती. ढकलूबाईने खणायला घेतलं. खर खर खर. अजून खणलं. खर खर खर. एवढ्यात आतून आवाज आला. खर.

ढकलूबाई थांबली.

खर खर. कोणीतरी आतूनही खणत होतं. माती फुगली. माती फुटली. एक काळं डोकं वर आलं. मग पाय. मग सगळंच. बाळ. बाळ चांगलं आईएवढंच होतं. शेणकिड्यांची बाळं तशीच बाहेर येतात. पण बाळ ते बाळच.

ढकलूबाईने त्याला हुंगलं. इकडून हुंगलं, तिकडून हुंगलं. तिला फार फार बरं वाटलं.

बाळ पहिला शब्द बोललं. म्हणालं, "भूक."

"चल," आई म्हणाली. "सात गोळे करून ठेवलेत."

दोघं हापशापाशी गेली. तुरुतुरु तुरुतुरु. बाळाने पहिला गोळा खाल्ला. मग दुसऱ्या गोळ्यापाशी गेलं. त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तरी त्याने डोकं खाली घातलं, पाय वर केले. गडगड गडगड.

संध्याकाळी तेते परत आली. हौदा रिकामा होता. तिने बिळाभोवती पाच दगड मांडले. आता गाडी तिथे उभी राहत नाही. पुढे जाऊन उभी राहते.

चिसी परत आली. शेतातली माती निजली. तेते मात्र फडकं आणि बादली घेऊन प्लेटकडे निघाली. गाय तिच्या वाटेतून आपणहून बाजूला झाली. कारण वाटेत शेण नव्हतं. ते ढकलूबाईने आणि बाळाने कधीच नेलं होतं.

बाळाला मिळाली आई, बाजाराला मिळाले टोमॅटो. टाळी वाजवा, टप टप टप. आता तुम्ही निजा गप.